चौथीचा वर्ग आणि कोइमतूरची शेरिन

११ जुलै २०२४

ताई,

वर्गातल्या एखाद्या मुलीने अर्धवट लिहिलेलं वाक्य पुढे धरून विचारलं, "मॅडम, हे लिहून कोणाला द्यायचं?" तर काय उत्तर द्यावं? मला येत नाही. तुला येत असेल तर कळव.

विचारणारी सेवंती, चौथीतली. मी फळ्यावर लिहिलं होतं, 'धिस इज अ काऊ', आणि सगळ्यांनी ते पाच वेळा उतरवून काढायचं होतं. हिने एकदा लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. मी म्हटलं, "मला द्यायचं." ती म्हणाली, "पण तुम्हाला तर माहीतच आहे ना, ती गाय आहे."

वर्ग हसला, मीही हसले. घरी येताना मात्र वाटभर तेच डोक्यात. मराठीत लिहिलं तर अर्ज होतो, चिठ्ठी होते, ग्रामपंचायतीत कोणीतरी वाचतं. आपली मावची बोली सगळे बोलतात आणि कोणीच लिहीत नाही. पण इंग्रजी? पाड्यावर ती लिहून कोणाच्या हातात ठेवायची? मी कॉलेजात पाठ टाचणं काढली, शंभर उद्दिष्टं लिहिली, त्यात हा प्रश्न कुठेच नव्हता.

पत्र कसं काय, म्हणून दचकली असशील. फोन तू उचलतेस, "बरी आहेस ना? आई बरी? ड्यूटी आहे गं," म्हणतेस आणि ठेवतेस. पत्र मधेच ठेवलंस तरी मला दिसणार नाही. पत्ता सॅम्युअलदादाने दिला. आपल्या काकांचा सॅम्युअल आता सुरतेहून सूत भरून तुझ्या कोइमतूरला ट्रक नेतो आणि गेल्या खेपेला तुझ्याकडे चहा पिऊन आला, हे मला आता कळलं. त्याने सांगितलं की शेरिन उंच झाली आहे, तमिळ बोलते, इंग्रजी बोलते, आपल्याकडचा एक शब्द तिला येत नाही. "मी दमलोय हे तिला इंग्रजीत सांगायला गेलो, तर ती हसून हसून खुर्चीवरून पडली," म्हणाला. काय सांगितलं ते मात्र सांगत नाही.

मला नोकरी लागली हे सॅम्युअलदादाने सांगितलंच असेल. शिक्षणसेवक. आपल्या पुढच्याच पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा, शिक्षक दोनच. मी आणि मुख्याध्यापक लोटन सर. ते शहाद्याकडचे, पुरुषोत्तमनगरला घर आहे, माझ्याशी अहिराणीच बोलतात. बाबा मला घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. पाहुणे पाणी प्यायच्या आधी त्यांना माझी पदवी बघावी लागते.

तुझं नाव अजून घरात मोठ्याने घेत नाही कोणी. मी सातवीत होते, पण तो रविवार मला आठवतो. आदल्या रविवारी पाळकसाहेबांनी चर्चमध्ये तुझं आणि त्या चिंचपाड्याच्या मुलाचं लग्न ठरल्याचं वाचून दाखवलं होतं. रीतीप्रमाणे दुसऱ्यांदा वाचायचं त्या रविवारी त्यांनी बायबल मिटून नुसतं बाबांकडे बघितलं. तू नोकरीला गेलीस त्या कोइमतूरलाच दाजींशी कोर्टात लग्न केलंस, ही बातमी तोवर सगळ्या मंडळीला माहीत होती. बाबांना तिथे, बसल्या जागी कळली. तेव्हापासून ते चर्चमध्ये शेवटच्या सतरंजीवर बसतात.

हे तुला दुखवायला लिहिलेलं नाही. इतकी वर्षं आपण नीट बोललोच नाही, तर कुठून तरी सुरुवात करायची म्हणून लिहिलं. सेवंतीच्या प्रश्नाचं बघ.

प्रिस्किला


२८ जुलै

ताई,

उत्तर आलं नाही तरी लिहितेच. वर्गात इतकं काही चाललंय की कोणाला तरी सांगायलाच हवं, आणि आईला सांगितलं की ती "जेवून घे" म्हणते.

पाच वेळा उतरवून काढणं मी बंद केलं. लोकांकडून जुन्या लग्नपत्रिका मागून आणल्या. त्यांची मागची बाजू कोरी असते, कागद जाड. त्याची कार्डं कापली आणि मुलांना म्हटलं, वर्गात जे दिसेल त्याचं इंग्रजी नाव लिहून त्याला बांधा. दार, घंटा, पाण्याचा हंडा, लोटन सरांची खुर्ची. सर बसायला गेले तर पाठीला 'चेअर'.

जिग्नेश दुसऱ्या दिवशी घरून बकरीच घेऊन आला. गळ्यात दोरीने कार्ड, त्यावर 'गोट'. मी शाबासकी देईपर्यंत बकरीने मान वळवली आणि कार्ड खाल्लं. पोरं ओरडायला लागली. मी जिग्नेशला म्हणणार होते, "पुन्हा लिही," तर तो आपणहून फळ्याकडे गेला, खडू घेतला आणि लिहिलं, 'गोट ईट गोट'.

ताई, मी न सांगता वर्गात कोणी लिहिलेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य! मला ते पुसवेना. दारातून लोटन सर बघत होते. म्हणाले, "तुन्हं इंग्रजी बकरीले भलतं आवडनं व!"

मग आम्ही वाक्यं अंगणात उभी करायला लागलो. प्रत्येकाच्या हातात एकेक शब्द, ओळीत उभं राहायचं. प्रश्न करायचा असला की 'इज' धरलेल्या मुलाने धावत पुढे यायचं. 'इज' नेहमी जिग्नेशच होतो आणि मित्राशेजारून हलायला तयार नसतो. "मॅडम, प्रश्न नको, असंच बरं आहे," म्हणतो.

गेल्या आठवड्यात बाबा तूर टोकत होते. मी चौथीला बांधावर घेऊन गेले. म्हटलं, बाबा करतील तसं करा, आणि प्रत्येक कामानंतर काय केलं ते एका ओळीत लिहा. बाबा आधी लाजले. ग्रॅज्युएट मुलीच्या वर्गाला आपण काय सांगायचं! पण एकदा सुरू झाले की थांबेनात. "बोटभर खड्डा. त्याहून खोल नको, दाण्याला वर यायला त्रास होतो. एका जागी दोन दाणे. का दोन? एकटं कोणाला उगवावंसं वाटतं?" पोरं मावचीत ऐकत होती, हातांनी पेरत होती आणि चिखलाच्या बोटांनी इंग्रजीत लिहीत होती. शब्द अडला की माझ्याकडे यायचं. मलाही अडला की खिशातल्या छोट्या डिक्शनरीत. तीही आता चिखलाची झाली आहे.

वर्गात परत आलो आणि सेवंतीने तोच प्रश्न काढला. "आता हे कोणाला द्यायचं? तुमच्या दलपतबाबांना तर पेरता येतंच."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शेरिनला."

"कोण शेरिन?"

"कोइमतूरची एक मुलगी आहे. तुमच्याएवढी. तिला तूर पेरता येत नाही. आणि तिला मराठी वाचता येत नाही, मावचीही कळत नाही."

मग जिग्नेश फार दुःखाने म्हणाला, "म्हणजे इंग्रजीच लागणार."

सेवंतीने विचारलं, "ती उत्तर देईल?" मी म्हटलं, "देईल."

तुला न विचारता शब्द देऊन बसले आहे. शेरिन माझी कोण हे मुलांना सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही. त्यांना एवढंच माहीत आहे की तिकडे दक्षिणेत कोणी शाळकरी पोर आहे. ताई, तुझ्या मुलीला एक पत्र लिहू देशील ना?

तुझी प्रिस्की


१९ ऑगस्ट

ताई,

सोबतचं जाड पाकीट शेरिनसाठी आहे. आधी तू वाचशील हे माहीत आहे, वाच.

हे लिहायला इतके दिवस का लागले ते सांगते. पहिल्या दिवशी सगळ्यांचं लिहून झालं आणि सगळे खूश. मी म्हटलं, शेरिनला समजेल का ते बघू. सेवंतीचा कागद जिग्नेशला दिला आणि सांगितलं, तू कधी शेत पाहिलेलं नाहीस. यात लिहिलंय तेवढंच करायचं, जास्त काही नाही.

तिने लिहिलं होतं, 'टेक टू सीड्स.' त्याने घेतले. 'पुट वॉटर.' त्याने तांब्या उचलला आणि स्वतःच्या तळहातावरच्या दाण्यांवरच ओतला. बाही भिजली, चड्डी भिजली. सेवंती किंचाळली, "अरे, मातीत!" हा थंडपणे म्हणतो, "माती कुठे लिहिली आहेस?"

त्या दिवसापासून वर्ग बदलला. मी शिकवून शिकवून जे झालं नसतं ते त्या तांब्याने केलं. आता मुलं एकमेकांचे कागद घेऊन अंगणात बसतात आणि वाचणारा जिथे अडतो तिथे लिहिणारा खोडतो. एकाने विचारलं, "शेरिनकडे शेत नसेल तर?" तेव्हा सगळ्यांनी पत्रात जुनी बादली घातली. बादलीला खालून भोक पाडायला सांगायचं राहिलं होतं, ते दुसऱ्या दिवशी एका मुलीला भाकरी खाता खाता आठवलं आणि ती हात न धुताच लिहायला आली.

मी एक नियम केला आहे. दुसऱ्याच्या पत्रातलं वाक्य कोणी काढायचं नाही. चुकलं असं वाटलं तर विचारायचं, सुचवायचं, पण काढायचं ते लिहिणाऱ्याने. मी सुद्धा नाही. म्हणून पत्रांत चुका दिसतील, त्या तशाच राहू दिल्या आहेत. शेरिन हसली तर हसू दे, मुलांना चालेल. न वाचलेलं चालणार नाही.

पाकिटातल्या पुरचुंडीत तूर आहे, बाबांनी निवडून दिलेली. "लांब जायची आहे ना, किडका दाणा नको," म्हणून सुपात घेऊन बसले होते. मुलांनी काढलेल्या चित्रात पागोटं घातलेला माणूस तेच. पागोटं ते घालत नाहीत, पण शेतकरी म्हटला की पागोटं हवंच असं चौथीचं म्हणणं पडलं.

प्रिस्किला


२६ सप्टेंबर

ताई,

पोस्टमन फुलसिंगची मोटारसायकल वाजली की माझा वर्ग खिडकीत जातो. आता तर तो लांबूनच हात हलवून 'नाही' सांगतो, बिचारा. तिसरीची पोरं चिडवतात, "शेरिन नाहीच आहे, मॅडमने बनवली!" परवा त्यावरून जिग्नेशने मारामारी केली. मी त्याला रागावले, पण मनापासून नाही.

लोटन सरांना मी सगळं सांगितलं आहे, शेरिन कोणाची हेसुद्धा. ते म्हणाले, "मन्हं आयक. तूच लिखी टाक. शेरिनना नावनं. पोरंस्ले काय समजस? खूश व्हई जातीन."

खरं सांगते, मी बसले लिहायला. 'डिअर फ्रेंड्स' इतकं लिहिलं. मग वाटलं, ही मुलं इतके दिवस एका खऱ्या माणसासाठी लिहीत होती. तो माणूस मीच निघाले तर सेवंतीची गाय पुन्हा मलाच द्यायची झाली. कागद फाडला.

दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं, "शेरिन आहे. पण ती उत्तर देईल असं मी तिच्या घरी न विचारताच म्हटलं होतं. ते चुकलं." मला वाटलं, रडतील. सेवंती म्हणाली, "आपण तिला काही विचारलंच नाही ना. नुसतं हे कर, ते कर सांगितलं. मग ती काय उत्तर देणार?"

दोन वर्षं अध्यापनशास्त्र शिकून मला हे सुचलं नव्हतं. मग सगळ्यांनी एकेक प्रश्न लिहिला. जिग्नेशचा आहे, 'डू यू हॅव गोट? व्हाय नॉट?' ते या पाकिटात आहेत.

फोनवर तू "बघते" म्हणालीस. बघ.

प्रिस्की


२१ ऑक्टोबर

ताई, ताई, ताई,

आलं! फुलसिंगने फाटकातूनच हॉर्न वाजवायला सुरुवात केली आणि सगळी शाळा बाहेर. लोटन सर चष्मा विसरून धावले. पाकीट मी फोडलं नाही, मुलांनी फोडलं. सेवंतीने उभं राहून वाचलं. अडत अडत, पण एकटीने.

शेरिनचं अक्षर तुझ्यासारखं आहे, उजवीकडे पडणारं.

तिने गच्चीवर बादलीत पेरलं, एकच दाणा उगवला आणि आता त्याचीही पानं पिवळी पडताहेत, त्या शेतकऱ्याला विचारून सांगा, असं ती लिहिते. बकरी का नाही, तर लिफ्टमध्ये बकरी चालत नाही म्हणून. लिफ्ट म्हणजे काय हे सांगण्यात माझा एक तास गेला. जिग्नेशला ते अजून पटलेलं नाही.

सगळा वर्ग दुपारी आमच्या अंगणात. बाबांनी पिवळी पानं म्हटल्यावर भुवया वर केल्या. "पाणी किती घालते?"

"रोज, दोनदा," सेवंतीने पत्रात बघून सांगितलं.

"मग बुडवते आहे ना त्याला. शहरातली पोर! सांगा, माती बोटाला कोरडी लागेपर्यंत हात लावू नको."

हे इंग्रजीत कसं घालायचं यावर मोठी चर्चा झाली. शेवटी जिग्नेशचं वाक्य मंजूर झालं, 'टू मच वॉटर. प्लांट इज स्विमिंग. स्टॉप.'

तेव्हापासून बाबा रोज विचारतात, "त्या पोरीच्या रोपाचं काय झालं?" मी म्हणते, पत्र जायला वेळ लागतो. ते म्हणतात, "तोवर मरेल ते." आणि आई चुलीकडे तोंड करून उभी राहते. तिला माहीत आहे. मी काही सांगितलं नव्हतं, तिने पाकिटावरचा पत्ता बघितला. वाचता येत नसलं तरी सॅम्युअलदादाने आणलेल्या तुझ्या फोटोमागे तशीच अक्षरं आहेत, म्हणाली.

तुझ्या चार ओळी मिळाल्या. "बाबांना सांगू नकोस. मला पुन्हा तो रविवार नको." बरं. नाही सांगत. तू शेरिनला लिहू दिलंस, एवढ्यावर मी आनंदात आहे. रस्त्याने चालताना उगाच हसते, लोक बघतात.

तुझी प्रिस्की


१५ डिसेंबर

ताई,

हे पत्र आधी शांत बसून वाच.

शेरिनचं दुसरं पत्र दिवाळीच्या सुट्टीनंतर आलं. रोप जगलं. तिने विचारलं होतं, शेतकऱ्याचं नाव काय? मुलं विचारायला गेली. बाबा सुपातले खडे वेचत होते. म्हणाले, "दलपत म्हणून सांगा." मग म्हणाले, "आणि ती कोणाची, ते विचारा."

यात आश्चर्य काय? आपल्याकडे वाटेत अनोळखी पोर दिसलं की म्हातारी माणसं नाव विचारतात का कधी? "कोणाची गं तू?" हेच आधी. तेवढं कळलं की मग तिला बसायला सांगायचं, शेंगा द्यायच्या. बाबांना इतके महिने ते विचारायचं राहिलं याचंच वाईट वाटत होतं. "एवढं शिकवलं त्या पोरीला, आणि कोणाची ते माहीत नाही," म्हणाले.

सेवंतीने लिहिलं. पत्राच्या अगदी शेवटी, मोठ्या अक्षरांत, 'दलपतबाबा आस्क, हूज गर्ल आर यू?'

पत्र माझ्या पिशवीत आलं आणि तिथेच राहिलं. पाठवावं, तर शेरिन सरळ तुझं नाव लिहिणार, आणि ते सेवंती बाबांना सगळ्या पाड्यासमोर वाचून दाखवणार. वाक्य काढावं, तर माझाच नियम. मुलं रोज विचारत, "टाकलं का, मॅडम?" मी म्हणे, उद्या. बाबाही विचारत. मुलांना उद्या म्हणताना जमत होतं, बाबांना म्हणताना जमेना.

एका संध्याकाळी ते अंगणात बांबूच्या पट्ट्या काढत बसले होते. म्हणाले, "अजून गेलं नाही ना पत्र?"

"नाही."

"का?"

"बाबा, त्याचं उत्तर मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे? मग सांग की. कोणाची?"

"एस्तेरताईची."

कोयता बांबूत अडकला तो त्यांनी काढला नाही. आई दारात येऊन उभी राहिली. तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हिला माहीत होतं?"

"हो."

"लोटन मास्तरला?"

"हो."

"सॅम्युअल तर जातोच तिथे." ते हसले, पण चांगलं हसले नाहीत. "म्हणजे पुन्हा तेच. सगळ्यांना माहीत. दलपतला शेवटी."

ताई, इतकी वर्षं मी समजत होते की तू दुसऱ्या मुलखातला नवरा केलास हे त्यांच्या मनात आहे. ते नाहीच. भरल्या चर्चमध्ये सगळ्यांना जे ठाऊक होतं ते एकट्या त्यांनाच ठाऊक नव्हतं, हे आहे. आणि मी चार-पाच महिने, चांगल्या हेतूने, तंतोतंत तेच करत होते.

आई म्हणाली, "सांगितलं असतं तर ऐकून घेतलं असतं का तुम्ही?"

"नसतं घेतलं," बाबा म्हणाले. "पण कळलं तर असतं!"

आई आत गेली आणि तिने जरा जोरातच भाकरी थापायला घेतली. दोन दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना ताट पुढे करायचे, तेवढंच. तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाले, "पोर बोलते कशी?"

मी म्हटलं, "इंग्रजी. आणि तमिळ."

"मग मी विचारलेलं तिला कळणार कसं?"

"सेवंती शिकवेल तुम्हाला."

आणि तिने शिकवलं, ताई. बांधावर बसून, शिक्षिकेसारखी, हातात काडी घेऊन. "बाबा, म्हणा, हूज गर्ल आर यू." बाबा म्हणायचे, मुलं तपासायची. जिग्नेशने शेरिन होऊन दाखवलं, वेणीसाठी कानामागे दोरी लावून. लोटन सर येऊन बघून गेले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी इतला वरीस मास्तरकी करनू, पन असा इद्यार्थी भेटना नई." डोळे पुसत होते, म्हणाले धूळ गेली.

मी म्हटलं, "बाबा, पत्र टाकून देते, महिन्याभरात उत्तर येईल." ते म्हणाले, "उत्तर तर तू दिलंस. मला तिच्या तोंडून ऐकायचंय."

काल सॅम्युअलदादा सूत भरून आला, जेवायला घरी थांबला. बाबांनी त्यालाच विचारलं, "तुझ्या गाडीत एक माणूस मावेल का?"

"काका, चार दिवसांचा रस्ता आहे. केबिनमध्ये झोप लागायची नाही."

"ऊसतोडीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर झोपलोय मी. तुझ्या गाडीला तर काच आहे."

शेंगांनी तूर वाकली आहे, पण राखण आई करणार आहे. तिनेच त्यांचा नवा सदरा काढून दिला. "मला नाताळनंतर ने म्हणावं सॅम्युअलला," म्हणाली, "दोघं एकदम गेलो तर ती घाबरेल."

तू "सांगू नकोस" लिहिलं होतंस आणि मी सांगितलं. रागावलीस तर माझ्यावर रागाव, तो राग मला चालेल. तुला आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मग मला थांबावं लागलं असतं. पण ते पोहोचायच्या आधी तुला कळावं म्हणून या पानांचे फोटो काढून आत्ताच फोनवर पाठवते आहे, कागद मागून येईल. या घरात आता कोणालाही सगळ्यांत शेवटी कळायला नको.

सेवंतीचं पत्र त्यांच्या खिशात आहे, एकही वाक्य न काढलेलं. शेरिनला सांग, त्यांचा इंग्रजीतला प्रश्न तेवढा एकच आहे, त्याच्यापुढचं त्यांना काही येत नाही. उत्तर तिने सावकाश द्यावं. ते ऐकतील.

आज सकाळी विसरवाडीच्या फाट्यावर मी स्वतः त्यांना केबिनमध्ये चढवलं आणि दार बाहेरून लावून दिलं.

प्रिस्किला